एकच मैल दोनदा

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नोकरीचं पत्र मागितलं नाही, पगार विचारला नाही, मासेबिसे शिजवणार का हेही विचारलं नाही. दार उघडलं, नाव-गाव ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नागपूरच्या. मग एक सांगा, संत्र्याच्या झाडाला काटे असतात का?"

मी जन्मापासून इंजिनिअरिंग होईपर्यंत नागपुरात राहिलेली. संत्री खाल्ली, सोलली, पाहुण्यांबरोबर पेट्या भरून पाठवली. झाडापाशी जाऊन कधी उभी राहिले होते का, ते आठवेना.

"असतील," मी म्हटलं.

"असतील म्हणजे? पाहिलंय की ऐकलंय?"

"दोन्ही नाही, काका."

"बरं," ते म्हणाले. माझ्या अज्ञानाचा त्यांना राग आलेला दिसला नाही. उलट मी ठोकून दिलं नाही, याचं बरं वाटलं असावं. "खोली वर आहे. गरम पाणी यायला वेळ लागतो. चला."

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या त्या घरात वरच्या मजल्यावर मी काही वर्षं काढली. खाली काका एकटे. काकू जाऊन बराच काळ लोटला होता, एकुलती एक मुलगी टेक्ससमध्ये, प्लेनोला. काका मूळचे मिरजेचे. इथे येऊन बेअरिंगच्या एका कारखान्यात तपासणीच्या खात्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. दुसऱ्या कुणीतरी 'ओके' म्हणून पुढे सरकवलेली वस्तू पुन्हा हातात घेऊन बघायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. मला वाटायचं, त्या कामामुळे ते असे झाले असतील. मुलगी म्हणायची, "No no, बाबा आधीपासूनच तसे होते, म्हणून तर ते काम टिकलं."

तसे म्हणजे कसे, हे सांगणं थोडं अवघड आहे. तुम्ही-आम्ही एखादी गोष्ट माहीत नसली तर फोन काढतो. काका कोट काढायचे. "जाऊन येऊ," म्हणायचे. फोनमध्ये उत्तर असतं हे त्यांना मान्य होतं, पण ते कुणीतरी ऐकून लिहिलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर कायम एक घडीची खुर्ची, थर्मास, गमबूट आणि जुनी चादर पडलेली असे. एखाद्या शनिवारी सकाळी मी कपडे धुवायला खाली उतरावं तर ते दारात तयार. "रिकामी आहेस?" एवढंच विचारायचे. कुठे, हे गाडी हायवेला लागल्यावर.

एकदा मंडळाच्या गणपतीत जेवताना कुणीतरी सांगितलं, की क्रॅनबेरी पाण्यात उगवते, आपल्या भातासारखी. जाहिरातीत नाही का, शेतकरी कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका वाटीतली बासुंदी संपवत म्हणाले, "कुणी पाहिलंय?" कुणीच पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं विस्कॉन्सिनच्या रस्त्याला.

तिथला शेतकरी आधी आम्हाला घाऊक गिऱ्हाईक समजला. काका फक्त बघायला आलेत हे कळल्यावर तो टोपी सारखी करून आम्हाला आत घेऊन गेला. क्रॅनबेरीचे वेल घोट्याएवढे, चांगल्या कोरड्या वाळूत वाढलेले. पाणी सोडतात ते फक्त तोडणीच्या वेळी. त्यानं खिशातल्या चाकूनं एक फळ कापून दाखवलं. आत हवेचे चार पोकळ कप्पे. "म्हणून तरंगतं," तो म्हणाला. काकांनी आणखी एक मागून घेतलं आणि स्वतः कापलं. मग शेजारच्या तुंबवलेल्या वाफ्यात, छातीपर्यंतचे रबरी कपडे चढवून, इस्त्रीच्या शर्टाची कॉलर वर काढून, लालभडक फळांच्या मधोमध ते उभे राहिले. फोटो काढू का विचारलं, तर म्हणाले, "काढ, पण मला पाहू दे आधी."

दुसऱ्या एका वेळी ते एकटेच गेले. आमच्या राज्याच्या पार दक्षिण टोकाला कैरो नावाचं गाव आहे. तिथले लोक त्याचा उच्चार केरो करतात, असं त्यांनी रेडिओवर ऐकलं. सकाळी निघाले ते दुसऱ्या दिवशी परतले.

"मग काय म्हणतात?" मी विचारलं.

"पेट्रोल पंपावरची बाई केरो म्हणाली. तिचा नवरा आतून ओरडला, कॅरो. त्यांच्यातच एकमत नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका तृप्त होता, की एवढ्या लांब जाऊन हाती काय लागलं, हे विचारायचं मी सोडून दिलं. मग त्यांनीच सांगितलं, तिथे दोन मोठ्या नद्या मिळतात, आणि मिळाल्यावरही दोन रंगांचं पाणी बराच वेळ शेजारी-शेजारी वाहतं. खुर्ची टाकून ते तिथे दुपारभर बसले होते.

आता त्या गाडीबद्दल. ती लीजवर होती, म्हणजे तीन वर्षांच्या भाड्यावर. अशा करारात वर्षाला ठरावीक मैल मिळतात. जास्त झाले की प्रत्येक मैलामागे जादा आकार. प्लॅन मुलीनं प्लेनोहून फोनवर ठरवला होता. तिच्या डोळ्यांसमोर रिटायर्ड वडील, देशी दुकान, डॉक्टर, फार तर शिकागोच्या ट्रेनचं स्टेशन. तिनं सगळ्यात कमी मैलांचा प्लॅन घेतला. काकांनी सही करण्याआधी प्रत्येक पान वाचलं होतं, त्यामुळे मर्यादा त्यांना पक्की ठाऊक होती. मी एकदा काळजीनं म्हटलं, तर म्हणाले, "जास्तीचे पैसे भरायचे. सिनेमाचं तिकीट काढतोच की आपण."

ते कुठे-कुठे जातात, याचं मला तेव्हा कुतूहल होतं. डोळ्यांकडे मात्र माझं लक्षच गेलं नव्हतं.

सुरुवात दुकानाच्या पार्किंगमधून झाली. गाडी वळवताना त्यांनी कुणाच्या तरी सामानाच्या ट्रॉलीला धक्का दिला. ट्रॉली रिकामी होती, कुणाला लागलं नाही. पण काका घरी आल्यावर तेच घोकत राहिले, "आली कुठून ती? मी पाहिलं होतं. तिथे काही नव्हतं." संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. स्वतः स्वयंपाकघरात खुर्चीवर समोर नजर लावून बसले आणि माझ्या हातात स्टीलचा डाव दिला. "माझ्या कानापासून हळूहळू पुढे आण. दिसला की सांगतो."

मला हसू येत होतं. डाव कानावरून गालापर्यंत आला. मग गालाच्याही पुढे. ते काही बोलेनात. जवळजवळ नाकासमोर आल्यावर म्हणाले, "हां, आता." माझं हसू कधीच थांबलं होतं. "दुसरी बाजू," ते म्हणाले.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बराच पुढे गेलेला. तपासणीच्या यंत्रात लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायचं असतं. त्यातून नजरेचा एक नकाशा छापून येतो, दिसतं तिथे पांढरा, गेलं तिथे काळा. काकांचा नकाशा कडेनं सगळा काळा होता. मधे तेवढी पांढरी जागा राहिलेली. घरी येताना गाडी मी चालवली. त्यांनी नकाशा फ्रिजवर चुंबकानं लावला, किल्ल्या त्याच्याखाली ठेवल्या.

"डॉक्टर गाडी चालवू नका म्हणाले का?" मी विचारलं.

"म्हणाले, काळजी घ्या, पुढच्या वेळी बघू." त्यांनी नकाशाकडे बोट केलं. "मी आत्ता बघितलं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीला फोन करून लीज मुदतीआधी संपवायला सांगितलं. गाडी न्यायला एक माणूस आला. काका थंडीत ड्राइव्हवेवर उभे राहिले. गाडी कोपऱ्यावरून डावीकडे वळली. त्यांना ती माझ्याआधीच दिसेनाशी झाली असणार.

मग बिल आलं. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे फरकाची रक्कम. मुदतीआधी परत केलेली गाडी कंपनी लिलावात विकते. करारापोटी जेवढं येणं उरलं आणि लिलावात जेवढे आले, त्यातला फरक आपण भरायचा. दुसरी, जास्तीच्या मैलांचा आकार. हा आकडा एखादी जुनी गाडी येईल एवढा होता. काकांची पेन्शन बेताची, आणि नुकतीच डोळ्यांच्या औषधांची भर पडलेली. मला वाटलं, ते मैलांचं बिल मुकाट्यानं भरतील. सिनेमाचं तिकीट. पण ते दोन दिवस करार उघडून बसले आणि मग कंपनीला फोन लावला, स्पीकरवर, मला समोर बसवून.

"माझ्या गाडीचे मैल जास्त झाले, म्हणून लिलावात तिला किंमत कमी आली. बरोबर?" ते त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले. "तो तोटा तुम्ही फरकाच्या रकमेतून माझ्याकडून घेताय. घ्या. मग त्याच मैलांचे वेगळे पैसे कशाचे? एकच मैल मी दोनदा चालवलेला नाही. तुमच्या करारातही मैलांचा आकार मुदत पूर्ण झाल्यावर लावायचा असं लिहिलंय. माझी पूर्ण झालेली नाही."

पहिल्या माणसानं बिल बरोबर आहे असं सांगितलं. दुसऱ्यानंही. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागे, आणि काका तितक्याच शांतपणे सांगत. एका दुपारी एका बाईनं फोन घेतला. टेक्ससची असावी, शब्द लांबवून बोलायची. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही.

"सर," ती म्हणाली, "किंमत बाजार ठरवतो. ती मैलांमुळेच कमी आली, असं कशावरून म्हणता?"

मला वाटलं, आता काका चिडतील.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "मी तुम्हाला पुन्हा फोन करतो."

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "आपली गाडी आत्ता कुठे असेल?"

प्रत्येक गाडीला कारखान्यातच एक कायमचा नंबर दिलेला असतो. तो मी नेटवर टाकला, तर गाडी शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एका सेकंडहँड गाड्यांच्या दुकानात विकायला ठेवलेली. त्याच सुमाराला मुलीचा फोन आला. "बाबा, why are you doing this? त्यांना सांगा ना, डोळे गेलेत म्हणून. They'll waive it."

"डोळ्यांचा आणि हिशोबाचा काय संबंध?"

"संबंध नाही, बाबा, पण काम होईल."

"माझे मैल मी चालवलेत," काका म्हणाले. "दोन्ही डोळे उघडे ठेवून."

शनिवारी आम्ही माझ्या गाडीनं निघालो. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, आणि बर्फात गाडी चालवायला मी अजून घाबरायची. काका शेजारच्या सीटवर. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या बाजूला इतका वेळ बसले असतील. थोड्या-थोड्या वेळानं विचारत, "डावीकडे काय गेलं?" मी म्हणायचे, काही नाही, शेत. "कशाचं?" मला कुठे ठाऊक. "खुंट दिसतायत का वर आलेले?" मग मी नीट बघायला लागले. खुंट दिसत होते. मक्याचे.

दुकानातला विक्रेता लाल मफलर गुंडाळून, हात खिशात घालून बाहेर आला. आम्ही गाडी घ्यायला आलोय असं त्याला वाटलं. काकांनी खरं काय ते सांगितल्यावर तो दोन पावलं मागे सरला. "हे बघा, तुमच्या आणि कंपनीच्या भांडणात मी पडणार नाही."

"पडू नका," काका म्हणाले. "मला फक्त गाडी बघायची आहे."

आमची पांढरी गाडी रांगेत उभी होती, आणि नशिबानं तिच्या शेजारी तीच गाडी, तेच साल, तोच रंग. काचेवरच्या किमतीत मात्र चांगलंच अंतर. काकांनी हातमोजे काढले. दोन्ही गाड्यांभोवती ते हळूहळू फिरले, एक हात पत्र्यावर ठेवून. टायरच्या खाचांत नख घालून पाहिलं, दारं उघडून मिटली, सीटच्या शिवणीवर बोट फिरवलं. कारखान्यात ते कसे काम करत असतील, ते मला त्या दिवशी दिसलं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "त्या गाडीचे टायर आपल्यापेक्षा खराब आहेत. दरवाज्याला पोचा आहे. तरी ती महाग. का?"

हा प्रश्न त्यांनी विक्रेत्याला इंग्रजीत विचारला. तो एव्हाना थंडी विसरून बघत उभा होता.

"मैल," तो म्हणाला. "दोन्ही एकाच लिलावातून, एकाच दिवशी घेतल्या. तुमची मला स्वस्त पडली. लिलावात सगळे सगळ्यात आधी तोच आकडा बघतात." मग म्हणाला, "फोटो काढा हवं तर. फोटोला मी नाही म्हणत नाही."

मी फोटो काढले. तेवढ्यात काका आपल्या जुन्या गाडीत चालकाच्या जागी जाऊन बसले होते. कुणीतरी उंच माणसानं सीट मागे नेली होती. त्यांनी ती पुढे ओढली, तिन्ही आरसे जुळवले, दोन्ही हात चाकावर ठेवले.

"एक चक्कर मारायची?" विक्रेत्यानं विचारलं. त्याला डोळ्यांचं काही माहीत नव्हतं.

"नको," काका म्हणाले. "इथून किती दिसतं ते बघत होतो."

ते आणखी थोडा वेळ बसले. मी दुसरीकडे पाहिलं. उतरताना त्यांनी सीट परत होती तिथे मागे सरकवली.

सोमवारी त्यांनी त्या बाईला शोधून काढून फोन केला. त्या दोन गाड्या, ते टायर, तो पोचा, सगळं सांगितलं, फोटो पाठवले. ती म्हणाली, वर विचारून सांगते. काही दिवसांनी तिचाच फोन आला. आनंदाची बातमी असल्यासारखी म्हणाली, की तुमच्या मुलीची मेल आम्हाला मिळाली, प्रकृतीचं कारण लक्षात घेऊन कंपनी खास बाब म्हणून मैलांचा सगळा आकार माफ करतेय.

काकांचा चेहरा उतरला. मुलीनं न सांगता मेल केली होती, हे त्यांना तेव्हा कळलं.

"माफ नका करू," ते म्हणाले. "तो आकार बरोबर होता की चूक, एवढं सांगा. बरोबर असेल तर मी भरतो. हप्त्यानं भरीन, पण भरीन."

मी हातानं खुणा करत होते, की हो म्हणा, हो म्हणा. त्यांच्या नजरेच्या त्या पांढऱ्या गोलात मी मुद्दाम येऊन उभी राहिले, तरी त्यांनी दाद दिली नाही.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "सर, असं मला आजवर कुणी म्हटलं नाही," ती म्हणाली. "मला थोडा वेळ द्या."

तो थोडा वेळ आठवडाभर चालला. काका त्या आठवड्यात मुलीशी बोलले नाहीत, आणि मीही वर-खाली करताना पाय वाजवले नाहीत. मग फोन आला. तिनं करार कायद्याच्या खात्याकडून वाचून घेतला होता. मुदतीआधी बंद झालेल्या आणि लिलावात विकलेल्या गाडीवर तो आकार लावायला नको होता. चूक झाली होती. तसं पत्र येईल.

"थँक यू," काका म्हणाले. फरकाची रक्कम त्यांनी त्याच फोनवर, तिच्याकडेच, पूर्ण भरून टाकली.

काम संपलं होतं. ती फोन ठेवेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "सर, हे रेकॉर्डसाठी नाही. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. पण एवढे मैल तुम्ही गेलात कुठे?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मी चहा ठेवायला उठले तेव्हा क्रॅनबेरी चालली होती. चहा गाळून आणला तेव्हा ते दोन रंगांच्या पाण्यापर्यंत आले होते, आणि पलीकडून ती विचारत होती, "मग शेवटी मिसळतात का?"

त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून मुलीला फोन केला. मेलचा विषय काढला नाही. तिनंच काढला, म्हणाली, "बाबा, मी फक्त घाबरले होते." काका म्हणाले, "मीही."

पुढच्या वर्षी घर विकून ते तिच्याकडे प्लेनोला गेले. मला वाईट वाटलं, कारण तिथे गाडीशिवाय पान हलत नाही असं मी ऐकलं होतं. त्यांना तसं बोलूनही दाखवलं. महिन्याभरानं त्यांचा फोन आला, की इथे एक रेल्वे आहे, आणि ते ती शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन बघून आलेत. पांढरी काठी घेतलीय. काठीचा मोठा फायदा म्हणजे लोक आपण होऊन बोलायला येतात.

मग एका शुक्रवारी पुन्हा फोन. "तुला ती बाई आठवते? कंपनीची? अगं, पत्रावरचा पत्ता इथलाच निघाला. जाऊन आलो."

रेल्वे, पुढे बस आणि मग बरंच चालणं. एवढ्या मोठ्या आवारात पायी येणारा माणूस बघून गार्ड गोंधळला होता. आधी नाहीच म्हणाला. काकांनी फक्त निरोप द्यायला सांगितलं, की दोन नद्यांवाले गृहस्थ आलेत. ती जेवणाच्या सुट्टीत खाली आली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"आवाजावरून उंच वाटली होती. माझ्या खांद्याला लागते. हसताना तोंडावर हात धरते." मग त्यांचा आवाज जरा खाली आला, एखादी दुर्मीळ वस्तू हाती लागल्यासारखा. "आणि ऐक. जेवून झाल्यावर मला सोडायला म्हणून ती बसनं स्टेशनपर्यंत आली. मी म्हटलं, तुमची गाडी? तर म्हणते, मी गाडी चालवतच नाही. लायसन्सच काढलं नाही. दिवसभर जगाचे मैल मोजते आणि रोज रेल्वेनं घरी जाते."

"पण का?"

"तेच विचारलं मी. म्हणाली, मोठी गोष्ट आहे, तुमची ट्रेन आली. पुढच्या शुक्रवारी या, सांगते."

"मग जाणार?"

"म्हणजे काय," काका म्हणाले. "आता डबा काय न्यावा ते सांग. तिखट चालेल का तिला, ते विचारायचं राहिलं."